अंगठ्याएवढी जागा

फार वर्षांमागे एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. कुरणावरून त्यांच्यात भांडण पेटलं. यांनी त्यांची उभी पिकं जाळली, त्यांनी यांच्या गंजी जाळल्या. माणसं मेली तरी कुणी माघार घेईना. पुढे पाऊसही रुसला आणि दोन्हीकडच्या चुली सारख्याच गार पडल्या.

दूरच्या नगरातल्या लोकांनी हे ऐकलं आणि ज्वारीच्या गाड्या धाडल्या. गाड्यांचा म्होरक्या भला माणूस, पण अंमळ भाबडा. म्हणाला, "अलीकडच्या गावाला पलीकडच्यांनी मापून द्यायचं आणि पलीकडच्यांना अलीकडच्यांनी. एकमेकांना वाढाल तर वैर विसराल."

अलीकडच्या गावात एक म्हातारा मापारी होता. धान्य मापण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पायलीवर शीग चढवावी, म्हणजे काठाच्या वर निमुळता ढीग लावावा, तर त्यानेच. एक दाणा सांडायचा नाही. पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नसे, मापाऱ्यांच्या रीतीने 'लाभ' म्हणे. पण त्याचा एकुलता एक लेक पलीकडच्यांच्या हातून मेला होता, आणि आता त्यांनाच मापून द्यायचं होतं.

निघताना बायको म्हणाली, "अहो, मनात काही ठेवू नका. तिकडंही लेकरंच आहेत."

"आपलं एक होतं, ते ठेवलं का त्यांनी?" एवढंच बोलून तो नदीत उतरला.

पलीकडे मापताना त्याने अंगठा पायलीच्या आत धरला. वरून हात फिरवून माप सपाट केलं. शीग नाही, 'लाभ' नाही, नुसतं कोरडं 'एक'. समोरच्यांना तो अंगठा स्वच्छ दिसत होता. पण तक्रार केली आणि गाड्याच बंद झाल्या तर? बिचाऱ्यांनी मिळालं तेवढं पदरात घेतलं.

उरलेली ज्वारी उपरण्यात बांधून त्याने आपल्या रिकाम्या गोठ्यात लपवली. "हा माझ्या लेकाचा वाटा," तो स्वतःशी म्हणाला. दर बाजाराला गाड्या येत, दर बाजाराला गोठ्यातला ढीग वाढे. त्यातला दाणाही त्याने तोंडात घातला नाही. भूक त्याच्या पोटाला नव्हतीच, दुसरीकडेच कुठेतरी होती.

इकडे याच्या गावाला मापायला पलीकडची एक म्हातारी येई. नवऱ्यामागे त्याची पायली तिनेच चालवली होती. घरात एक नातू, बाकी कुणी नाही.

एका बाजाराला मापारी परतला, तर गावचे लोक धान्याभोवती ताटकळत उभे. "मापारीण कुठं आहे?" त्याने विचारलं.

"तिचा नातू गेला हो सकाळी," एक बाई डोळे पुसत म्हणाली. "उपासानंच गेला. आणि आम्हाला मात्र शीग लावून घालायची! मापण्याबद्दल जे धान्य तिला मिळायचं, तेच आमच्या मापावर चढवायची. म्हणायची, या गावच्या मापाऱ्याचा लेक गेलाय, त्याच्या माणसांना कमी पडू नये."

मापारी तसाच घराकडे धावला. गोठ्यातली ज्वारी त्याने पोत्यात भरली, पाठीवर घेतली आणि धडपडत नदी ओलांडली.

मापारीण ओट्यावर बसली होती. तिच्यापुढे पोतं ठेवून तो म्हणाला, "माय, हे तुमचंच आहे. मी..."

तिने पोत्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे.

"तुमच्या अंगठ्याएवढीच जागा होती, दादा," ती म्हणाली. "तेवढ्यात माझं लेकरू जगलं असतं."

तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत, आणि क्षमाही केली नाही. आतून पायली आणली, पोत्यात खुपसली आणि शीग चढेपर्यंत भरली. ते माप तिने 'लाभ' म्हणूनच मोजलं.

"शेजारच्या घरात तान्हं आहे," ती म्हणाली. "देऊन या."

अंगठे बाहेर ठेवून, दोन्ही हातांत पायली धरून म्हातारा निघाला. वाटेत त्याने एक दाणा सांडू दिला नाही. शेजारच्या घरातून तान्ह्याचं रडणं ऐकू येत होतं. मागच्या घरातून काहीच ऐकू येत नव्हतं.

या कथेचं तात्पर्य: आपल्या दुःखाची भरपाई भुकेल्याच्या मापातून करू नये. उशिरा चढवलेली शीग गेलेलं लेकरू परत आणत नाही.