प्रशासकीय कारणास्तव

जंगलातही कचेऱ्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. पहाऱ्यावरच्या टिटवीने सिंहाकडे तक्रार केली, “महाराज, मुकादम लांडगा रोज माझी पिसं उपटतो.”

“बरं झालं सांगितलंस, टिटवीबाई,” सिंह गोड आवाजात म्हणाला. “चौकशी करू.”

दुसऱ्याच दिवशी तिची बदली निघाली. पडक्या विहिरीच्या तळाशी, प्रशासकीय कारणास्तव. निरोपाला कुणी फिरकलं नाही. नोकरी टिकवायची म्हणून ती निमूट खाली उतरली.

आत मिट्ट काळोख होता. हळूहळू त्यात डोळे चमकू लागले. कितीतरी डोळे.

“तूही प्रशासकीय कारणास्तवच का?” एक म्हातारं कासव पुटपुटलं.

“हो. पण लांडग्याची चौकशी होणार आहे.”

“सुरू झालीसुद्धा,” कासव म्हणालं. “जरा सरकून बस, बाई. आता तुझे साक्षीदार येतील.”