मडक्यात भरलेली हवा

"कुंभारवाडा रिकामा करा!" बराच वेळ खोकून झाल्यावर नांदेलीचे अवचितराजे गरजले. पूर्वी राजे आधी हुकूम देत आणि मग खोकत. हल्ली खोकलाच आधी येई, त्यामुळे राज्याचं बरंच कामकाज खोळंबून राहिलं होतं.

थंडी पडल्यापासून नांदेलीवर धूर बसला होता. सकाळी समोरचा बुरूज दिसत नसे. राजांच्या पांढऱ्या अंगरख्यावर दुपारपर्यंत काजळी चढे. राजवैद्यांनी खोकल्यावर गुग्गुळाची धुरी सांगितली. धुरीने खोकला वाढला, म्हणून त्यांनी धुरी वाढवली. अखेर धूर येतो कुठून याचा छडा लावायला कारभारी भानजीपंत महालाच्या गच्चीवर चढले. त्यांना दूर नदीकाठी कुंभारांचा मडकी भाजायचा आवा धुमसताना दिसला. पायाखाली बघायची कारभाऱ्यांना सवय नव्हती.

हुकूम ऐकताच म्हातारा राणोजी कुंभार दरबारात हात जोडून पुढे झाला. "महाराज, ही नदीची माती सोडून जायचं कुठं? संक्रांत तोंडावर आली. गावाला सुगडं कोण देणार?"

"सुगडं!" राजे उसळले. "मडकी घडवायची एवढी हौस आहे ना? मग त्यांत चांगली हवा भरून आणा! ह्या महालात माझी एक सकाळ न खोकता गेली, तर राहा इथंच. नाहीतर चाक उचला आणि चालते व्हा!"

राजे हसले, म्हणून दरबार हसला. राणोजीच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या लेकीला, हौसाला, मात्र हसू आलं नाही. या वयात बापाने चाक डोक्यावर घेऊन कुठं भटकायचं? तिचे डोळे पाणावले. मग तिच्या ध्यानात आलं, की डोळे नुसते भरून आलेले नाहीत, झोंबतही आहेत. सिंहासनामागच्या जाळीतून धुराचं एक जाड वेटोळं सावकाश आत येत होतं.

"आणते, महाराज!" हौसा म्हणाली.

राणोजीने कपाळावर हात मारला. "अगं पोरी, हवा म्हंजे काय बाजरी हाय, मापून भरायला?"

दुसऱ्या दिवशी हौसाने गाडीभर मडकी आणून दरबारात मांडली. प्रत्येक मडक्यावर झाकण, झाकणाच्या कडेने चिखलाचं लिंपण.

"फोड ती झाकणं!" राजे म्हणाले.

"फोडते की! पर महाराज, ताजं दूध कुणी खरकट्या भांड्यात ओततं व्हय?"

"माझा महाल खरकटा?"

"मी कशाला म्हणू? भिंतीवर बोट फिरवून बघा."

राजांनी फिरवलं. बोट काळं झालं. राजांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभाऱ्यांनी छताकडे पाहिलं. छतही काळंच होतं.

"आधी भांडं घासू," हौसा म्हणाली. "दोन दिस महालातला धूर बंद. मग म्हणाल तेव्हा झाकण फोडते."

"महालात कुठला धूर?" भानजीपंत गुरकावले.

"चला, दावते!"

न्हाणीघरामागे भल्यामोठ्या चुलाणात लाकडं पेटण्याऐवजी नुसती सूं सूं करत धुमसत होती. लाकूडकोठीचा कारकून अभिमानाने सांगू लागला, "सरकारी लाकूड तोलूनच घ्यायचं, असा नियम आहे. ठेकेदार ते तळ्यात भिजवून आणतो. त्यामुळे वजन कधी कमी भरत नाही!"

"म्हणजे मी पाणी जाळून पाणी तापवतोय?" राजे ओरडले आणि खोकले.

हौसाने वळचणीखालची वाळकी लाकडं काढायला लावली. चुलाणाचा जाळ भडकला आणि धूर उरला नावापुरता. पुढे बागेत माळी राणीसाहेबांच्या खिडकीखाली पाचोळा पेटवत होता.

"काका, खड्डा करून त्यात पुरा की! खत हुईल."

"पण आमच्याकडे पाचोळा जाळायचाच रिवाज आहे!"

"अन् राणीसाहेबांनी तो हुंगायचा रिवाज हाय का?"

एवढ्यात धुपाटणं हालवत राजवैद्य आले. हौसाने त्यांना लवून नमस्कार केला. "वैद्यबुवा, दोन दिस ही धुरी तेवढी तुम्हीच घ्या, दार लावून!"

तिसऱ्या दिवशी सकाळी राजांना जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खोकला आलाच नव्हता! बुरूज दिसत होता, बुरुजावरचा पहारेकरीही दिसत होता. तो झोपला होता. राजांनी छाती भरून श्वास घेतला आणि तसेच दरबारात धावले.

"वा हौसा, वा! काय हवा आणलीस! कुठल्या डोंगरावरची? मडकी कधी उघडलीस?"

"मडकी बघा की, महाराज."

भानजीपंतांनी वाकून एकेक मडकं तपासलं. लिंपण जसंच्या तसं होतं!

"मग ही हवा आली कुठून?"

"ती इथलीच हाय. धुराखाली गुदमरून पडली हुती."

"महाराज, हिनं आवा बंद ठेवला असणार!" पंत म्हणाले.

"आवा काल दिसभर चालू हुता, पंत! वारा माळाकडं फिरल्यावर पेटवला, वाळकं सरपण घालून. काल गच्चीवर गेला न्हाईत वाटतं?"

राजांनी एक मडकं उचलून कानाशी हलवलं. "मग ह्यात भरलंस तरी काय?"

"हवाच! खोटं कशाला बोलू? पर ती कुंभारवाड्यातली हाय, त्या दिशीच्या धुमसत्या आव्याजवळची. म्हणून तर झाकण फोडायची माझी हिंमत झाली न्हाई!"

राजे इतके हसले, की त्यांना सिंहासनाचा हात धरावा लागला.

"कुंभारवाडा राणोजीला इनाम!" हसू आवरत ते म्हणाले. "आणि लाकूडकोठीच्या किल्ल्या हौसाच्या हाती द्या!"