बंद दाराआडची साक्ष

नदीवरचा नवा पूल पहिल्याच पुरात वाहून गेला आणि दिवाणसाहेबांनी चौकशी मांडली. पूल बांधला होता त्यांच्याच मेव्हण्याने, म्हणून हुकूम निघाला की साक्षी बंद खोलीत होतील. आत कोण काय सांगे देव जाणे, बाहेर जाहीर होई ते एकच: दोष पुराचा!

मग पाळी आली पुलाजवळ राहणाऱ्या तान्हूबाई कासारणीची. दिवाणांच्या घरी बांगड्या भरता भरता तिला एक गोष्ट कळली होती. साहेबांना कमी ऐकू येई, पण जीव गेला तरी ते कबूल करत नसत.

दार लागलं. तान्हूबाई पुटपुटली, "पुलात चुना नव्हता."

"जरा मोठ्याने!"

"चुना नव्हता, सरकार."

"अगं, तोंडात काय धरलंयस? खणखणीत बोल!"

तान्हूबाईने आळीत हाळी देतात तसा आवाज लावला, "पुलात नुसता चिखल होता! चुना गेला मेव्हणेसाहेबांच्या माडीला!"

बाहेर चौकात जमलेल्या लोकांत हशा पिकला. तो मात्र साहेबांनाही ऐकू गेला.

"गुप्त साक्ष चव्हाट्यावर नेलीस?"

तान्हूबाई तितक्याच मोठ्याने म्हणाली, "मी कानातच सांगत होते, सरकार. आता साक्ष जाहीर होती म्हणा, नाहीतर आपल्याला ऐकू येत नाही म्हणा."

 साहेब खिडकीशी जाऊन गरजले, "साक्ष जाहीरच होती!"