ऐरणीवरची कच्ची किल्ली

मंडळी, आधी मला एक सांगा. तुमच्या घराचं कुलूप ज्यानं घडवलं, त्याच्यावर तुमचा विश्वास आहे का? असेल तर कशावरून? आणि नसेल, तर त्याच्याकडून कुलूप घेतलंत कसं?

घाई नाही. मी शाळेत काही शिकलो नाही. चाळीस वर्षं दुकानात बसून गिऱ्हाइकांची तोंडं तेवढी वाचली. मलाही या प्रश्नाचं उत्तर चटकन देता येत नाही, म्हणून गोष्ट सांगतो. तिच्यातल्या माणसांची नावं मला ठाऊक नाहीत, आणि ते बरंच आहे. नाव सांगितलं की ऐकणारा म्हणतो, तो माणूसच तसा होता, आणि निवांत होतो.

तर फार फार जुन्या काळी, नदीच्या वळणावर एक बाजाराचं गाव होतं. त्या गावात एक तरुण कुलूपवाला आला. पाठीवर ऐरण, पिशवीत चार कानशी आणि एक हातोडी. सात वर्षं गुरूच्या हाताखाली राबून तो आता स्वतःच्या पायावर उभा राहायला निघाला होता.

निघताना गुरूनं त्याला जवळ बसवून आपल्या धंद्याची रीत पुन्हा सांगितली होती. कुलूप घडवताना आधी नमुन्याची एक कच्ची किल्ली करायची. तिच्यावरून दोन पक्क्या घासायच्या. दोन्ही पक्क्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या, आणि कच्ची त्याच्या डोळ्यांसमोर ऐरणीवर ठोकून सपाट करायची.

"लोक कुलपाचे पैसे देत नाहीत," गुरू म्हणाला होता. "त्या ठोक्याचे देतात."

पोरानं मान डोलावली. तरुण माणसं फार मान डोलावतात, मीही डोलावत असे.

बाजारात चिंचेखाली त्यानं बैठक मांडली. आठवडा गेला, कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला वाटलं, आपला हात लोकांना दिसला पाहिजे. मग भर बाजारात उभं राहून तो ओरडला, "ज्याला वाटतं आपलं कुलूप पक्कं आहे, त्यानं घेऊन यावं."

कासार आला, विणकर आला, देवळाचा पुजारीसुद्धा आला. ह्यानं एक तार घेतली आणि पाण्याचा पेला संपतो न संपतो तोवर तिन्ही कुलपं उघडून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुजाऱ्यानं तोंडात बोट घातलं.

त्यानंतर पंधरा दिवस चिंचेखाली कुत्रंही आलं नाही. बायका त्याच्यासमोरून जाताना कमरेची किल्ली पदराखाली झाकू लागल्या.

मी पहिल्यांदा तेलाचं दुकान टाकलं, तेव्हा आजूबाजूच्या तेलांत भेसळ कशी ओळखायची ते गिऱ्हाइकांना शिकवत बसलो होतो. लोक शिकले, आणि माझंही तेल वास घेऊन घेऊन परत ठेवू लागले. त्यामुळे त्या पोराला मी हसत नाही.

त्याच्याजवळचं पीठ संपलं. उद्या ऐरण विकायची आणि गावी जायचं, असं त्यानं ठरवलं. त्याच दिवशी एक बाई आली. गुळाच्या व्यापाऱ्याची सून. नुकतीच या घरात आली होती, म्हणजे गावात तीही नवीच. हातात कोठीचं तुटलेलं कुलूप होतं.

"दादा, हे होईल का?"

"ताई, होईल. पण तुम्ही माझ्याकडे कशा आलात? लोक तर मला भितात."

ती हसली. "मलाही भितात. मी आल्यापासून सासूबाई लोणच्याची बरणी मोजतात."

त्यानं कुलूप घडवलं. ती समोर दगडावर बसून बघत राहिली. दोन किल्ल्या तिच्या हातात दिल्या, आणि कच्ची किल्ली ऐरणीवर ठेवून चार ठोक्यांत तिचा पत्रा केला. तो सपाट पत्राही तिला दिला.

तिनं तो उलटा-सुलटा पाहिला. "हे सगळ्यांना दाखवत जा," ती म्हणाली. "उघडून दाखवू नका."

तिनं घरी सांगितलं. मामंजींना पटलं. व्यापाऱ्यानं आपल्या वखारीची पाच कुलपं करून घेतली, आणि प्रत्येक वेळी चार माणसं ठोके बघायला उभी राहिली. मग कासार आला. विणकर आला. वर्षभरात चिंचेखालच्या बैठकीचं दुकान झालं. गावात लग्न ठरलं की मुलीच्या पेटीचं कुलूप इथूनच जायचं.

इथे गोष्ट संपली असती, तर मी ती सांगितली नसती.

झालं असं, की लोकांच्या किल्ल्या हरवतात. एकदा विणकराच्या घरच्या दोन्ही किल्ल्या हरवल्या, तेही लग्नाच्या सकाळी. शालू पेटीत आणि वऱ्हाड दारात. त्यानं घडवलेलं कुलूप तारेला दाद देणारं नव्हतं, म्हणून कुलूपवाल्याला पेटीचा कोयंडा कापावा लागला, अर्धा दिवस गेला, आणि विणकराची बायको चारचौघांत म्हणाली, "ज्यानं कुलूप केलं, त्याला किल्ली करता येत नाही होय?"

ते त्याला लागलं. त्या दिवसापासून तो कच्च्या किल्ल्या मोडेना. गिऱ्हाइकासमोर ठोके तेच, आवाज तोच, पण ऐरणीवर असायची एक कोरी पट्टी. खरी कच्ची किल्ली हातातल्या हातात पायाखालच्या लाकडी पेटीत पडायची. प्रत्येकीला दोऱ्यानं गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली.

चोरी त्याच्या मनात नव्हती. हे मी त्याच्या बाजूनं शपथेवर सांगेन. किल्ली हरवली म्हणून कुणी रडत आलं, की तो आत जाऊन थोड्या वेळात नवी घेऊन बाहेर यायचा. लोक म्हणायचे, "ह्याच्या बोटांना डोळे आहेत." तो खाली मान घालून कानस चालवायचा.

ही कीर्ती गावाबाहेर नेली एका दलालानं. गोड माणूस. दुकानाच्या पायरीवर बसायचा, पान खायचा, आणि गावोगाव जाऊन गिऱ्हाइकं आणायचा. सात गावांचे लोक येऊ लागले. कुलूपवाला जेवायला आत गेला, की दलाल दुकान सांभाळायचा. पायाखालच्या त्या लाकडी पेटीला फक्त कडी होती. आपल्याच पेटीला कुलूप करायला त्याला सवड झाली नव्हती.

त्याच सुमाराला गुळाच्या व्यापाऱ्यानं दागिन्यांच्या पेटीसाठी नवं कुलूप सांगितलं. घ्यायला सूनच आली. नेहमीसारखी समोर दगडावर बसली, ठोके पाहिले, दोन किल्ल्या घेतल्या. एक सासूच्या कमरेला गेली. दुसरी सासूनं आपण होऊन सुनेला दिली. बरण्या मोजणारी ती सासू, पण चार वर्षांत निवली होती.

चारेक महिन्यांनी ती पेटी उघडली, तर आत चांदीचा कमरपट्टा नाही, तोडे नाहीत, नथ नाही. कुलूप मात्र जसंच्या तसं. ना ओरखडा, ना वाकलेली कडी.

गाव जमलं. पाटलांनी दोन्ही किल्ल्या पुढ्यात ठेवल्या.

सासू म्हणाली, "माझी किल्ली आंघोळीलासुद्धा माझ्या कमरेला असते."

मग सगळे सुनेकडे बघू लागले. तिचा नवरा जमिनीकडे बघत होता.

पाटील तसे न्यायाचे. ते म्हणाले, "थांबा. तिसरी किल्ली असू शकते."

आणि मंडळी, यावर पहिली बोलली ती सूनच.

"नाही पाटील," ती म्हणाली. "मी समोर बसले होते. दादांनी कच्ची किल्ली माझ्या डोळ्यांसमोर ठोकली. त्यांच्यावर आळ नको. किल्ल्या दोनच आहेत."

गर्दीत कुणीतरी श्वास सोडला. आपण काय बोलून बसलो हे तिलाही कळलं असावं. पण शब्द तिनं मागे घेतला नाही. तिला तो खरा वाटत होता.

पाटलांनी कुलूपवाल्याला विचारलं, "खरं का रे?"

त्याला सकाळीच कळलं होतं. चोरीची बातमी ऐकताच त्यानं लाकडी पेटी उपसली होती. व्यापाऱ्याच्या नावाची चिठ्ठी होती, दोरा होता, किल्ली नव्हती. दलाल तर गेला आठवडाभर पायरीवर आलेला नव्हता.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याबरोबर सात गावांची कुलपं उभी राहिली. कासार, विणकर, पुजारी, लग्नाच्या पेट्या. पिठाचा रिकामा डबा त्याला आठवला, आणि पंधरा दिवसांची ती ओसाड चिंच.

"दोनच," तो म्हणाला.

सुनेनं त्याच्याकडे पाहून मान हलवली, आभार मानल्यासारखी.

त्याच दिवशी तिला माहेरी धाडलं. गाडीसुद्धा दिली नाही. नदीपर्यंत चालत गेली, नावेत बसली, आणि गावानं तिच्याबद्दल बोलणं दोन महिन्यांत संपवलं. दुकान चालू राहिलं. उलट जोरात चाललं, कारण घरातल्या माणसाचीही खात्री नाही म्हटल्यावर लोक आतल्या खोल्यांनाही कुलपं करून घेऊ लागले. कुलूपवाला घडवत राहिला. जेवण कमी झालं त्याचं, पण हात चालू होता.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. मग दूरच्या एका बाजारात दलाल पकडला गेला. दुसऱ्याच कुणाच्या पेटीपाशी. त्याच्या बटव्यात तोड्यांतला एक तोडा निघाला आणि एक किल्ली, अर्धवट घासलेली.

पाटील ती किल्ली घेऊन दुकानात आले. ऐरणीवर ठेवली आणि शेजारी उभे राहिले. रस्त्यावरची माणसं थांबली. कच्ची किल्ली कशी दिसते हे त्या गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. ती पाहायलाच तर ते इतकी वर्षं उभे राहत होते.

"आणखी किती आहेत?" पाटलांनी विचारलं.

त्यानं पायाखालची पेटी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं कुलूप विणकरानं आणून ठेवलं. मग कासारानं. शिवी कुणी दिली नाही, दगड कुणी मारला नाही. येत, पायरीवर कुलूप ठेवत, जात. दुपारपर्यंत दुकानाचं दार ढिगामागे दिसेनासं झालं. सात गावांची कुलपं तीन दिवस येत होती.

गुळाचा व्यापारी बैलगाडी जुंपून सुनेच्या माहेरी गेला. ती भावाच्या गोठ्यात शेण काढत होती. हात धुऊन तिनं त्याला पाणी दिलं, वाकून नमस्कार केला.

"चल, पोरी," म्हातारा म्हणाला. "चूक झाली. त्या माणसानं आम्हाला फसवलं."

"मामंजी, तो तुम्हाला खरा वाटला, यात तुमची चूक नाही. मलाही वाटला होता," ती म्हणाली. "पण मी तुम्हाला खोटी वाटले. आता त्या घरात कुणी बरणीकडे नुसतं पाहिलं, तरी मला ती मोजल्यासारखी वाटेल."

गाडी रिकामी परत आली.

त्यानंतर कुलूपवालाही गेला, पायी. ती अंगणात होती. तो कुंपणाबाहेरच उभा राहिला. माफी मागायला आला होता.

तिनंच आधी विचारलं. "दादा, त्या दिवशी ऐरणीवर काय ठोकलंत?"

"कोरी पट्टी, ताई."

"मी बघत होते," ती म्हणाली.

एवढंच बोलून ती घरात गेली. तिनं दार लावून घेतलं. त्या दाराला कुलूप नव्हतं, साधा अडसर होता. पण सात गावांची कुलपं उघडू शकणारा तो माणूस त्या दारापुढे संध्याकाळपर्यंत उभा राहून परत फिरला.

गावी येऊन त्यानं पेटीतल्या सगळ्या कच्च्या किल्ल्या बाहेर काढल्या आणि भर बाजाराच्या दिवशी एकेक ऐरणीवर ठोकली. खऱ्या किल्ल्या, खरे ठोके. बाजार भरलेला होता. बघायला कुणी थांबलं नाही.

म्हणतात, पुढे तो म्हातारा होईपर्यंत त्याच चिंचेखाली बसून विळे आणि कोयते पाजळायचा. पोटापुरतं मिळायचं. धार लावायला विश्वास लागत नाही.

तात्पर्य इतकंच: गिऱ्हाईक आपलं कसब पाहून दारात येतं आणि आपल्या खरेपणावर टिकतं, म्हणून त्याच्या नकळत ठेवलेली एक किल्लीही शेवटी कुणा निरपराध माणसाचं दार बंद करते.

आणि आता तुम्ही उठायच्या आत माझी एक विनंती. नवा धंदा मांडाल, तेव्हा गल्ला मोजालच, तो मोजायला कुणी शिकवावं लागत नाही. पण किती किल्ल्या केल्या, किती हाती दिल्या आणि किती मोडल्या, तेही रोज लिहीत जा. आणि तो हिशोब, मंडळी, खरा लिहा.