सहावा कागद

"चाचा, हा वाजत का नाही?"

शाल्मलीनं कागदाचा कोपरा दोन बोटांत धरून पुन्हा हलवला. आधीचे पाच कागद हलवले की सुक्या पानासारखे कडकडायचे. हा सहावा नुसता लोंबला. ओल्या फडक्यासारखा.



मुनीरचाचा ओट्यावर पाय सोडून बसले होते. खुलताबादच्या रस्त्याला कागद करणाऱ्यांची जी वस्ती आहे, तिथं त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं हौदातून लगदा उचलला. मग हात थरथरायला लागले. हे सहा कागद त्यांनी केलेले शेवटचे. अंबाडीच्या धाग्याचे, पातळ आणि चिवट, खास या पोरीसाठी.

"वाजंल कसा?" चाचा म्हणाले. "दमलाय तो."

"दमलाय?"

तिला वाटलं, थट्टा करतायत.

"दमायला काय झालं? अजून याचा पक्षी केलाच नाही मी. नुसत्या खुणेच्या घड्या घातल्यात."

"घातल्यास. मग?"

"मग उघडल्या. कोन बरोबर आलेत का ते बघायला."

"मग?"

"परत घातल्या..."

"मग?"

शाल्मलीनं कागद हळूच खाली ठेवला.

तिला माळढोक करायचा होता. एकाच कागदाचा, न कापता, न चिकटवता, हातभर उंच. कार्डशीट घेतला तर तो घडीवर तडकायचा. पतंगाचा कागद घेतला तर पक्षी उभा राहायचा नाही, बसकण मारायचा. दुकानं पालथी घालून शेवटी आठ महिन्यांपूर्वी ती या ओट्यापाशी आली होती.

उद्या बारापर्यंत पक्षी शहरातल्या कलादालनात, प्रदर्शनासाठी पोचवायचा होता. नाही पोचला, तर मधल्या टेबलाची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती. आठ महिन्यांत दाखवण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. घरी आईनं आता विचारणंही सोडलं होतं. ती नुसतं ताट झाकून ठेवायची.

"पाच कागद फाटले, चाचा," ती म्हणाली. "पाचही मानेतच. रागावू नका, पण माझ्या घडीत चूक नाही. आकृत्यांची वही दाखवते ना. कॉलेजातल्या सरांनीसुद्धा तपासलीय, मिलिमीटरचा फरक नाही. म्हणजे दोष... कागदातच असणार."

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. अठ्ठेचाळीस वर्षं कागद केलेल्या माणसाला आपण काय सांगतोय?

चाचा रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"मग आता?"

"एक कागद अजून द्या करून. एकच. लगदा मी ढवळते, चाळणी मी उचलते, तुम्ही नुसतं सांगा."

चाचांनी हनुवटीनं हौद दाखवला.

हौद कोरडा ठणठणीत होता. तळाशी गोणपाटावर एक मांजरी तीन पिल्लांना पोटाशी घेऊन झोपली होती.

"तिला विचार," चाचा म्हणाले.

शाल्मलीला हसू आलं नाही. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते घाईघाईनं ओढणीनं पुसले.

चाचांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. मागच्या फळीवरून त्यांनी कागदाचा एक वीतभर तुकडा काढून तिच्यापुढे धरला.

"याचे दोन कर. अर्धा मला पाहिजे, डब्यात घालायला."

"कात्री द्या."

"नाही माझ्याकडं कात्री."

तिनं तुकडा घेतला. मधोमध दुमडला, घडीवरून नख फिरवलं. उलटा दुमडला, पुन्हा नख. पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. मग दोन्ही बाजू धरून ओढल्या.

टर्र.

सरळ रेघेत, सुरीनं कापल्यासारखे दोन तुकडे झाले.

ती त्या कडेकडे बघत राहिली. बारीक लव सुटलेली, पांढुरकी, एका रेषेतली कड. अशीच कड तिनं पाच वेळा पाहिली होती. मानेत.

"...चाचा."

"सफाई आहे हाताला," चाचा म्हणाले. "आठ महिने तेच तर करतीयस."

मांजरीनं आळस दिला आणि कूस बदलली.

"म्हणजे हा सहावासुद्धा गेला?"

चाचांनी तो लोंबता कागद मांडीवर घेतला, उन्हाकडे धरला, घड्यांवरून अंगठा फिरवला.

"यात एकेक घडी शिल्लक आहे. जिथं दुमडलायस तिथं एकदा दुमडंल. दुसऱ्यांदा नाही."

"आणि ती चुकली तर?"

"तर चुकलेली राहील."

"पण बरोबर आलीय की नाही, ते उघडल्याशिवाय कळणार कसं?"

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मी जरा आडवा होतो."

"असं काय करता? समोर तरी बसा ना! काही बोलू नका, नुसतं हो किंवा नाही म्हणा..."

दार लोटलं गेलं. कडी लागली नाही.

ऊन ओट्यावर आलं होतं. शाल्मलीनं पाट पुढं ओढला, त्यावर कागद पसरला. सगळ्या रेघा तिच्याच होत्या. कुठं काय दुमडायचं ते झोपेतही सांगता आलं असतं. तरी हात उचलेना.

"चाचा, उजवा पंख आधी घेऊ ना?"

आतून काही आलं नाही.

तिनं उजवा पंख घेतला. घडी बसली. लगेच बोटं कडेखाली गेली, उचलून बघायला. तिनं ती ओढून घेतली आणि मांडीखाली दाबून धरली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

डावा पंख घेताना वरच्या पत्र्यावर चिंच पडली. ठण्ण! ती केवढ्यानं तरी दचकली, आणि घडी दोराभर सरकली.

"चाचा! सरकली. थोडीशीच. उघडू का?"

...

"एकदाच उघडते!"

...

तिनं दाराकडे पाहिलं. मग घडीकडे. मग त्या सरकलेल्या घडीवरूनच नख फिरवलं. चोरी केल्यासारखं.

पुढच्या चार घड्यांना तिनं चार वेळा हाक मारली. पोट बरोबर आलं का. पाय जाड झाले का. शेपूट अशी चालेल का. ऐकताय ना, चाचा?

दार तसंच.

मग भलतंच मनात आलं. ब्याऐंशीचं वय. जेवलेही नसतील. आडवा होतो म्हणाले आणि... ती चवड्यांवर दारापर्यंत गेली, फटीला कान लावला.

आतून खोकला आला. चांगला जाग्या माणसाचा.

म्हणजे ऐकतायत. ऐकतायत आणि बोलत नाहीत!

असा राग आला तिला. पाटाशी परत येऊन बसली ती दाणकन बसली. राहू दे. नाही विचारत.

आता मान उरली होती.

कागद मऊसूत झाला होता, वापरून जुन्या झालेल्या धोतरासारखा. फाटायच्या आधी एक बारीक आवाज येतो, केस तुटल्यासारखा. तो तिच्या ओळखीचा होता. तिनं मान आतून उलटी घेतली, दोन्ही अंगठे लावले, श्वास रोखला आणि वाट पाहिली.

आवाज आला नाही.

मान वळली. पण डावीकडे जरा जास्तच वळली. वहीत होती तशी नाही. कोनमापक पिशवीत होता, पिशवी हाताच्या अंतरावर होती. तिनं हात लांब करायचं मनात आणलं... आणि तेवढाही जोर अंगात नाही असं तिला वाटलं.

तिनं पक्षी पाटावर ठेवून सोडला.

तो उभा राहिला. एक पंख दोराभर खाली, मान कलती, मागून कुणी तरी बोलावल्यासारखा.

शाल्मली भिंतीला टेकली. खांदे भरून आले होते. तोंडाला कोरड पडली होती. सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. ओट्याच्या कडेला चाचांचा कप पडला होता, तळाशी चहा वाळून चिकटलेला. म्हणजे त्यांच्याही पोटात तेवढंच. ती आली तेव्हा ऊन हौदाच्या पलीकडे होतं. आता ते ओट्यावरूनही सरकलं होतं, आणि म्हातारा माणूस तिच्यासाठी उपाशी ताटकळला होता.

हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

ती कप उचलून उठली. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पडवीत स्टोव्ह होता.

"चाचा," जाता जाता ती दमल्या आवाजात म्हणाली, "चहा टाकते. घ्याल ना?"

आत खाट करकरली.

"टाक," चाचा म्हणाले. "पण जाताना मागं वळून पक्ष्याकडं बघू नकोस."