सांगून मारायची उडी

समोरच्या टेकडीवर देवमाशाच्या जबड्याची दोन हाडे उभी दिसतात. त्यांच्यामध्ये कातड्याची वादी बांधली आहे आणि वादीला सीलच्या कातड्याचा मुठीएवढा चेंडू टांगला आहे. आम्ही इनुइट लोक दर वसंतात तिथे खेळतो. पाय जोडून उडी मारायची, दोन्ही पायांनी चेंडूला लाथ मारायची आणि दोन्ही पायांवरच उतरायचे. चेंडू दर फेरीला वर चढवतात.

तुम्ही पाहुणे एक गोष्ट पाहून हसता. उडणाऱ्याजवळ त्याचा प्रतिस्पर्धी जातो आणि तुझे काय चुकते ते त्याला सांगतो. ज्याला हरवायचे त्यालाच शिकवायचे, हे तुम्हाला वेडेपण वाटते. आम्ही तसे का करतो, ते सांगतो. माझ्या आजोबांनी सांगितले तसेच सांगतो, पदरचे काही घालत नाही.

पूर्वी ही उडी खेळ नव्हती, निरोप होता, म्हणे. मोठी शिकार मिळाली की शिकारी दूर बर्फावरूनच दोन्ही पाय हवेत फेकायचा. तिथून आवाज पोचत नाही. पाय दिसले की वस्तीने कुत्रे जुंपायचे आणि निघायचे. हिवाळ्यात मोठ्या इग्लूत चेंडू टांगून लोक तिचा सराव करत.

तुलुगाक सगळ्यांत उंच उडायचा. त्याच्या बहिणीचा नवरा उविनिक. कष्टाळू माणूस, पण अंगाने जड.

"दाजी, तुमचे पाय उडतात, बूड खालीच राहतं," तुलुगाक म्हणाला.

"मग सांग ना मेहुण्या, बूड वर कसं न्यायचं?"

"मांस मागा, देतो. हे नाही देणार."

सगळे हसले. तुलुगाकची म्हातारी आई हसली नाही. "मांस लपवणाऱ्याला आपण वस्तीत ठेवत नाही, पोरा," ती म्हणाली. त्याने ऐकले नाही. तरणा होता.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. सील मिळेनात. दिव्यातले तेल संपले. लोकांनी जोड्यांचे चामडे उकळून खाल्ले. शेवटी ठरले की समुद्र सोडायचा आणि आत रेनडिअरच्या मागावर जायचे. उविनिक म्हणाला, "मी एकदा बर्फाच्या टोकापर्यंत जाऊन येतो. काही मिळालं तर निरोप देईन." लोकांनी त्याला दोन दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी त्याला पांढरे देवमासे सापडले. समुद्र गोठत आला होता आणि एका भोकात तीस-चाळीस मासे अडकून श्वास घेत होते. सगळ्या वस्तीला पुरेल एवढे मांस. तो पळत परत आला. पण तोवर वाटेत बर्फ फाटला होता आणि मधे काळे पाणी होते. पलीकडे, याच टेकडीवर, वस्ती सामान बांधून उभी होती.

त्याने उडी मारली.

त्या दिवशी वारा जमिनीलगत वाहत होता. भुरभुरता बर्फ कमरेएवढा उडत होता आणि त्याच्या वरच सगळे स्वच्छ दिसत होते. उविनिकचे पाय त्या बर्फाच्या वर आलेच नाहीत. टेकडीवरून फक्त त्याचे डोके खाली-वर होताना दिसले. तो पुन्हा पुन्हा उडला. चाळीस वेळा उडला, असे सांगतात.

तुलुगाक हसला. "दाजी थंडीने नाचतायत," तो म्हणाला. "काही मिळालेलं नाही. येतील मागून." आणि वस्ती आत निघाली.

भेगेला वळसा घालून उविनिकने त्यांना गाठले, त्याला तीन दिवस लागले. वस्ती त्याच्यामागे माघारी फिरली. मासे अजून भोकात होते. वस्ती वाचली. पण त्या तीन दिवसांत वाटेवर तीन माणसे गेली होती. त्यांत तुलुगाकची आई होती. तिने आपला घास नातवंडांना दिला होता.

तुलुगाकने आईला पाठीवर घेऊन या टेकडीवर आणले आणि दगडांखाली ठेवले. मग भाल्याला चेंडू बांधला आणि सगळ्यांसमोर उविनिकला म्हणाला, "गुडघे आधी. छातीला लागू देत. मग पाय सोडा. आणि पायांकडे बघू नका, चेंडूकडे बघा. एवढंच होतं, दाजी."

उविनिक उठला आणि उडला. चेंडू हलला.

"ज्याच्याशी खेळायचं त्याला आधी सांगायचं," तुलुगाक म्हणाला. "जो लपवेल त्याने या वस्तीचं मांस खाऊ नये." पुढे मोठा देवमासा मिळाला तेव्हा त्याच्या जबड्याची हाडे त्याने स्वतः इथे रोवली.

हे झाले फार पूर्वीचे. आता मी पाहिलेले सांगतो. मी सात वर्षांचा असताना बाहेरच्या लोकांनी आम्हाला दूरच्या शाळेत नेऊन ठेवले. आमची भाषा बंद. आमचे ढोल त्यांनी जाळले. मी मोज्यात मोजा कोंबून तो खाटांच्या मधे टांगला आणि उडी मारली. जमली नाही. दुसऱ्या वस्तीतला इपिली नावाचा मुलगा बघत होता. मी त्याला ओळखतही नव्हतो. तो म्हणाला, "गुडघे आधी. मग पाय सोड." तेच शब्द, आमच्याच भाषेत. दोघांनाही छड्या बसल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही मोजा वीतभर वर बांधला.

ढोल जळाले. ही उडी त्यांना जाळता आली नाही. एकाजवळ असती तर त्याच्याबरोबर गेली असती. ती सगळ्यांजवळ होती.

आजही इथे कोणी न सांगता खेळत नाही. आज दुपारी माझी नात उडेल. तिच्यासमोर खाडीपलीकडची मुलगी आहे, माझ्या नातीपेक्षा चांगली. आधी ती माझ्या नातीजवळ जाईल आणि काहीतरी सांगेल. जवळ उभे राहून ऐका, हरकत नाही. फक्त हसू नका. या टेकडीवर उडणाऱ्याला कोणी हसत नाही.