परीक्षेला लटकलेलं वटवाघूळ

एका माळावरच्या वडावर पाखरांचं विद्यापीठ भरायचं. कुलगुरू होते बगळे सर. स्वतः दिवसभर एका पायावर उभे, पण पोरांनी मात्र सरळच बसायचं, असा त्यांचा खाक्या. वर्गात जो सरळ बसेल, तोच परीक्षेला बसेल. बाकीच्यांचं नाव कमी.

तिथं वाघळू नावाचं वटवाघूळ शिकायला आलं. गडी हुशार, पण सरळ बसवला की डोक्यात अंधार. उलटा लटकला की सगळं लख्ख.

विद्यार्थी प्रतिनिधी मंजुळा साळुंकीला हे कळलं आणि बाईंना चेव चढला. मन तिचं सोन्यासारखं, जीभ मात्र थांबेल तर शपथ. वाघळूच्या ऐन झोपेच्या वेळी, भर दुपारी, तिनं त्याच्या हक्कासाठी ढोल-ताशे लावून मोर्चा काढला. वाघळूचे कान भलतेच नाजूक. तो पंखांत डोकं खुपसून थरथरत राहिला. मंजुळाला वाटलं, बिचाऱ्याला भरून आलंय! मग तिनं सरांशी भांडून त्याच्यासाठी सावरीच्या कापसाची गादी मिळवली. वाघळू गादीवरून घसरून खाली आपटला. तेव्हा बाईंनी त्याचा सत्कार ठरवला, तोही ढोलासकट.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वाघळू गाशा गुंडाळून निघाला. मंजुळानं त्याला वाटेतच गाठलं. एवढं केलं, तरी हा चालला? ती चिडून म्हणाली, "अरे, मग तुला हवंय तरी काय?"

"ताई, हे तुम्ही आज पहिल्यांदा विचारलंत," वाघळू म्हणाला. "मला एक फांदी हवी. आणि तो ढोल तेवढा बंद करा."

मंजुळा मनापासून ओशाळली. ती सरांकडे गेली आणि जन्मात प्रथमच थोडक्यात बोलली. सरांनी कुरकुरत फांदी दिली.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेत वाघळूनं लटकल्या लटकल्या धडाधड उत्तरं दिली. सर डाफरले, "मला उलट उत्तरं देतोस?"

मंजुळाची चोच उघडली. मग तिनं ती मिटली आणि वाघळूकडे पाहिलं.

वाघळू शांतपणे म्हणाला, "सर, उलटा मी आहे. उत्तरं सरळच आहेत."

सरांची नजर आपल्याच वर उचललेल्या पायाकडे गेली. तो त्यांनी हळूच खाली टेकवला आणि वाघळूला पास केलं.

तात्पर्य: दुसऱ्याची बाजू मांडायची तर आधी त्याला विचारावं, आणि तो बोलू लागला की आपली चोच मिटावी.